भाग दुसरा

पहिला भाग कुणीच पाहिलेला नव्हता.
वेणूशेठचा धाकटा टॉवेलची सॅम्पलं घेऊन
बार्सिलोनाला गेला, आणि येताना
ऑर्डरीऐवजी एक सीडी घेऊन आला.
'तिकडं तुफान चाललंय,' म्हणाला,
'चोर, पोलीस, नुसता दंगा.'
कव्हरवर पोट सुटलेला, घामट, टकला इसम,
एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात तळलेला मासा,
आणि नावाच्या शेवटी दोनचा आकडा.

सुट्टीचा वार. दाजी पेठेतली शेड.
चोवीस माग मुकाट उभे.
खांबापासून खांबापर्यंत ताणलेला
न कापलेला टॉवेलचा ताका, तोच पडदा.
मी तेव्हा कांड्या भरायचो.
पुढे बसलो, कापसाच्या धुळीत,
खिशात भाजलेल्या शेंगा.

स्पॅनिश कुणाच्या बापाला येत होती?
खाली अक्षरं यायची, तीही त्यांचीच.
तेव्हा राजमल्लूमामा उठला,
बंद पडलेल्या मिलचा जॉबर,
अर्धा तेलुगू, अर्धा मराठी, उरलेला बिडीचा धूर.
'थांबव बे मशीन.
पहिला भाग कळल्याबिगर दुसरा कसा कळंल?'

आणि सांगू लागला:
ह्या टकल्याच्या गावात एक मिल होती, समुद्राकाठी.
भोंगा वाजायचा तेव्हा मासेसुद्धा पाळी बदलायचे.
एके दिवशी मालकानं कुलूप घातलं.
सात महिन्यांचा पगार आत, माणसं बाहेर.
मग टकल्यानं काय केलं?
तिरडी बांधली.
रात्री गोदामातून चादरी काढल्या, एकूण साठ,
गुंडाळून मढं केलं, वर गुलाल, वर फुलं,
एकाला रडायला लावलं, दुसऱ्याच्या हातात मडकं दिलं,
आणि निघाले की राजरोस, मेन गेटातून!

शेड हसून हसून फुटायला आली.

'ऐका तर. कोपऱ्यावर एक पोलीस.
तरणा, नवी वर्दी.
ह्यांचं रक्त पाणी झालं.
पोलिसानं टोपी काढली,
काठी भिंतीला टेकवली,
आणि बिचाऱ्यानं खांदा दिला.
पार नाक्यापर्यंत.'

कुणीतरी हसता हसता ठसकलं.
फक्त मागच्या बाकावर, बाजेवर पाय सोडून बसलेले
हवालदार बिराजदार, निवृत्तीला चार महिने उरलेले,
शेंग फोडायची थांबले.
मग हळूच म्हणाले,
'जड होतं बे ते मढं.'

एवढा मोठा माग-कारखाना,
पण असा गप्प मी तो कधी ऐकला नाही.
मामानं बिडी विझवली. पुन्हा पेटवली.
'लाव रे,' म्हणाला, 'दुसरा भाग.'

पडद्यावर टकला धावू लागला.
टॉवेलच्या फासांत त्याचा चेहरा मऊ दिसत होता,
गोळ्या सुटल्या की वाटायचं
कापड त्या टिपून घेतंय.
कुणी म्हातारी त्याला चपलेनं बडवत होती,
एक नोटांची बॅग तीनदा बदलली,
कुणाची कुठं गेली, देव जाणे,
आणि नेमका तो बोटीवर उडी मारणार
तोच लाईट गेली.

अंधारात कुणीतरी विचारलं,
'मामा, पकडत्यात का त्याला?'
मामा काही बोलला नाही.
मागून बिराजदारांचा आवाज आला,
'तिसऱ्या भागात बघू.'

लाईट पहाटे आली. तोवर सीडी वाकली होती.

आमच्या घरी एक चादर आहे, दोन मोर असलेली.
कोपऱ्यातला मिलचा शिक्का आईनं
दोरा दोरा करून उसवला होता, मी जन्मायच्या आधी.
मी ती पांघरून वाढलो आणि कधी विचारलं नाही
एका कोपऱ्याला झालर का नाही म्हणून.

मामा गेला त्या वर्षी गड्डा यात्रा नुकतीच उठली होती.
पाळणेवाले लोखंड सोडवत होते.
रस्त्यात एक म्हातारा पुढे आला,
काठी भिंतीला टेकवली,
कानटोपी काढली,
माझ्या पुढच्या माणसाला बाजूला सारून
खांदा दिला.
दहा-बारा पावलं तो काही बोलला नाही.
मग माझ्याकडं न बघता:
'ह्या वेळी हलकं आहे रे.'

मला तिरडीखाली हसू आलं.
मागून येणाऱ्यांना वाटलं, हुंदका आहे.
कुणीतरी पाठीवर हात ठेवला.
मी ठेवू दिला.